आठवा हिस्सा

ढालगावच्या स्टँडमागं माझं दुकान.
पाटीवर 'मुल्लाणी मोटार रिवायंडिंग',
खाली 'पंखे, मिक्सर, पाण्यातल्या मोटारी',
आणि त्याच्याही खाली मी खडूनं लिहिलेलं,
दर पावसात पुसलं जाणारं:
'छोट्या पवनचक्क्या करून मिळतील.'

मोठ्या उभ्या आहेत पठारावर, रांगेनं.
एकेक पातं वर न्यायला रस्त्याची वळणं छाटली होती,
आम्ही ट्रेलरमागं पळालो होतो, अनवाणी.
त्यांची वीज कुठं जाते, कुणाला विचारा,
हात लांब करून दाखवतात, तिकडं.
दोघांचं तिकडं कधी एक नसतं.

माझ्या चक्कीचं पातं माणसाच्या हाताएवढं.
शिवणीचं लाकूड, रंध्यानं उतरवलेलं,
नऊ कॉइली, तार मीच भरलेली.
चुंबकं अशी, की दोन चिकटली तर मधलं बोट सोलून निघतं
(डावी तर्जनी बघा).
शेपटीला तेलाच्या डब्याचा पत्रा.
वारा अंगावर आला की शेपूट दुमडते,
चक्की तोंड फिरवते.
एवढं भ्यायला तिला मी शिकवलंय.
न भिणारी पहिली होती,
तिचं एक पातं अजून पाटलांच्या कडब्यात आहे.

दुसरी लावली घराच्या पत्र्यावर, लिंबाशेजारी.
तिथं वारा यायचा झिंगलेल्या पाहुण्यासारखा,
इकडं झोकांडी, तिकडं झोकांडी.
रात्रभर छत कण्हत राहिलं, बल्ब काही लागला नाही.
बहिणीची नाझनीन मिरजेला पॉलिटेक्निकात.
ती म्हणाली, मामू, वारा निम्मा झाला
तर वीज निम्मी होत नाही,
आठवा हिस्सा उरतो.
तीस वर्षं तार गुंडाळणाऱ्या हाताला हे माहीत होतं,
तोंडाला आकडा नव्हता.

तिसरी बिराप्पा खरातच्या वाघरीवर, माळाच्या टोकाला.
त्याला हवा होता एक बल्ब, लांडग्यासाठी,
आणि मोबाइल, पोरीशी बोलायला.
चैत्रापासून भादव्यापर्यंत बरं चाललं.
कार्तिकात फोन:
"दस्तगीरभाई, तुझी चक्की आभाळाकडं बघत उभी हाय.
तिला सांग की काय तरी."

मग सोलरवाला आला बुलेटवरून.
त्याचा पत्रा हलत नाही, कुरकुरत नाही,
बेअरिंग मागत नाही, वर पाच वर्षांची हमी.
माझी दोन गिऱ्हाइकं गेली, तिसरं उधारी ठेवून गेलं.
कोल्हापूरचा चुंबकवाला धंदा बदलून
मुलाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो आता.
त्या वर्षी पाऊस यायच्या आधी
खडू मीच पुसला.

श्रावणात सलग अकरा दिवस ऊन नव्हतं.
बिराप्पाचा पॅनेल आंधळा, बॅटरी मेलेली,
आणि डोक्यावर वारा असा की उभी मेंढी सरकावी.
मी काही बोललो नाही. हे बोलून दाखवायचं नसतं.
जुनी चक्की उतरवली, ग्रीस भरलं,
दोघांच्या तारा एकाच बॅटरीत सोडल्या.
सवती नांदल्या म्हणायला हरकत नाही,
थोडी कुरबुर आहे, चार्जर बदलायचाय.

पुढं काय, असं नाझनीन विचारते.
मला एवढंच दिसतं:
पात्याला साचा हवा, म्हणजे मोडलं तर दुसरं त्याच मापाचं.
खांब उंच हवा, झाडाच्या शेंड्याला ओलांडून.
आणि चक्की विकण्याआधी वर्षभर वारा मोजून
'तुमच्याकडं नको' असं सांगणारा माणूस हवा.
गिऱ्हाईक परत पाठवायची अक्कल
या धंद्यात अजून आली नाही, माझ्यात तर नाहीच.

तिनं प्लास्टिकचे चेंडू अर्धे कापून
सायकलच्या हबवर बसवलेत.
वाघरीवर फिरतात, फेऱ्या मोजतात,
बिराप्पाचा नातू वहीत लिहितो.
परवा शेऱ्याच्या रकान्यात होतं:
'रात्री दोन. वारा कमी. मेंढी व्याली. उजेड पुरला.'

नाझनीन म्हणते, खांब अजून दोन मीटर.
पाइपाचा भाव विचारायला सांगलीला फोन लावलाय.
लाइन बिझी आहे.